कुणकेश्वरच्या खडकावरचे सरगॅसम: एका हंगामाच्या प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२३

जागा: कुणकेश्वर, ता. देवगड. पुळण संपते तिथून पुढचा खडकाळ पट्टा. अमावास्या होऊन तीन दिवस झालेत, ओहोटी सकाळी सातच्या सुमारास तळाला. काम करायला मिळतो तो जेमतेम दीड तास. भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या, कमी चढ-उताराच्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत इथे येण्यात अर्थ नाही, सरगॅसमचा पट्टा पाण्याखालीच राहतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून पुढच्या सगळ्या तारखा आजच ठरवल्या.

प्रश्न दोन: हे तपकिरी शैवाल केव्हा कापावे आणि कुठून कापावे. अर्क, अल्जिनेट (शैवालातला, पाण्यात खळीसारखा घट्ट होणारा पदार्थ), खत यांतले काहीही करायचे असले तरी माल कसा निघेल ते या दोन गोष्टींवरच ठरते, आणि पुढच्या वर्षी पीक परत येईल का तेही.

३० मीटर दोरी किनाऱ्याला काटकोनात टाकली. पीव्हीसी पाइपची ५० × ५० सेंमी चौकट. पाइपला भोके पाडावी लागली, नाहीतर ती लाटेवर तरंगत जाते. एकूण १८ चौकटी कायमच्या खुणा करून ठेवल्या: ६ मध्ये शैवाल १० सेंमीवर कापायचे, ६ मध्ये मुळासकट उपटायचे, ६ ला हात लावायचा नाही. खुणेसाठी पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सी लांबी (पुट्टी) आणि प्लास्टिकचे बिल्ले. लांबी लावण्याआधी खडक तारेच्या ब्रशने खरवडावा लागतो. शेवाळाच्या बुळबुळीत थरावर लावलेली लांबी दुसऱ्या भरतीलाच निघून जाते.

शैवाल अजून कोवळे, ६ ते १२ सेंमी. खालची पाने रुंद, दातेरी, कडक. हवेचे फुगे नाहीत. या अवस्थेत जात ओळखण्याचा प्रयत्न करू नये. एकाच रोपाची खालची आणि वरची पाने इतकी वेगळी असतात की दोन जातींची वाटावीत.

मालवणच्या सागरी अभयारण्याच्या (१९८७ पासून) हद्दीत काहीही गोळा करायचे नाही, म्हणून जागा हद्दीबाहेर निवडली. इथेही खडकांच्या डबक्यांत जिवंत प्रवाळाचे तुकडे आहेत. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यावर पाय पडणार नाही अशी वाट दोरीने आखून घेतली.

सुकवण्यासाठी ५०० ग्रॅमचा छोटा नमुना घेतला.

३० नोव्हेंबर २०२३

पौर्णिमेनंतरचे उधाण. उंची १८ ते २५ सेंमी. वरच्या फांद्यांवर मोहरीएवढे फुगे दिसू लागले. फांदी पाण्यात उभी राहते ती या फुग्यांमुळे, आणि तशी उभी राहिली की तिला प्रकाश मिळतो. भरतीच्या वेळी पाण्यात डोके घालून पाहिले तर सगळा पट्टा ताठ उभा दिसतो. ओहोटीला तोच खडकावर आडवा, एकावर एक पडलेला. या ओल्या गादीखाली बारीक खेकडे, गोगलगायी आणि चिंगळाएवढे जीव उन्हापासून बचावतात. कापणी म्हणजे त्यांचे छप्परही काढणे, म्हणून सलग पट्टा कधीच कापायचा नाही. एक हात कापला की दोन हात सोडायचा.

१५ डिसेंबर २०२३

जातींची ओळख आज बऱ्यापैकी पटली. पट्ट्यात निदान तीन प्रकार. पातळ, उन्हात धरले तर आरपार दिसणारी पाने ती सरगॅसम टेनेरिमम. जाड, रुंद, कडेला करवतीसारखे दाते ती सरगॅसम इलिसिफोलियम. राखट तपकिरी, दाट फांद्यांची आणि संख्येने सर्वांत जास्त ती सरगॅसम सिनेरियम. शेवटच्या जातीवर शिक्कामोर्तब जननफांद्या आल्यावरच करावे. या वंशात एकाच खडकावरच्या नमुन्यांत इतका फरक असतो की एका पानावरून नाव देणे धोक्याचे.

पानांवरचे काळपट ठिपके म्हणजे रोग नव्हे. ते केसांचे झुबके असलेले बारीक खळगे. मदतीला आलेले लोक अशी पाने ‘खराब’ म्हणून बाजूला काढत होते, त्यांना भिंगातून दाखवले.

२९ डिसेंबर २०२३

पहिली मोठी कापणी. उंची ४५ ते ६० सेंमी.

विळ्याने कापले तर रोप आधी ओढले जाते आणि खडकाला चिकटलेली चकती सुटते. कातर बरी. डाव्या हाताने झुबका खडकाजवळ घट्ट धरायचा आणि त्या हाताच्या वर कापायचे. हाताची मूठ म्हणजेच साधारण १० सेंमी, वेगळी पट्टी लागत नाही. असे का, तर या शैवालात वर्षानुवर्षे टिकणारा भाग म्हणजे चकती आणि तिच्यावरचा एक-दोन सेंमीचा बुंधा. लांब फांद्या दर हंगामाला त्या बुंध्यातून फुटतात आणि हंगाम संपला की गळतात. फांद्या घेतल्या तर आपण गळणारेच घेतले. चकती गेली तर सगळेच गेले.

निथळलेले ओले वजन १८ किलो. धुणे समुद्राच्याच पाण्यात, तीन वेळा, जाळीच्या पिशवीत घालून हलवत. रेती, शिंपल्यांचे कण, चिकटलेले दुसरे शैवाल निघून जाते. मग गोड्या पाण्यात फक्त एक बुडी, अर्ध्या मिनिटाची. एक पिशवी मुद्दाम रात्रभर गोड्या पाण्यात ठेवली होती. सकाळी पाणी तपकिरी आणि बुळबुळीत, पिशवीला हात लावला तर चिकट. पेशी फुगून फुटतात आणि मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ), क्षार, फ्युकॉइडन (चिकट कर्बोदक) पाण्यात उतरतात. मीठ जावे म्हणून भिजत घातले तर माल जातो.

२ जानेवारी २०२४

सुकवण संपली. १८ किलोचे २.४ किलो झाले, म्हणजे साडेसातास एक.

काय चुकले: पहिल्या दिवशी निम्मा माल ताडपत्रीवर जमिनीलगत पसरला. खालची बाजू ओलीच राहिली, आणि रात्रीच्या दवाने वरची बाजूही परत ओली. मिठामुळे हे शैवाल हवेतला ओलावा खेचून घेते. दुसऱ्या दिवशी त्या ढिगाला आंबूस वास आला. उरलेला माल बांबूच्या मांडवावर, जमिनीपासून दोन फुटांवर, जुन्या मासेमारीच्या जाळ्यावर टाकला होता. तो अडीच दिवसांत वाळला. संध्याकाळी चारनंतर गोळा करून झाकणे आवश्यक.

वाळल्याची खूण: देठ वाकवला तर कट्कन तुटला पाहिजे. नुसता दुमडला तर अजून एक ऊन. रंग तपकिरी-काळा राहावा. पिवळट-पांढरा पडला तर ऊन जास्त झाले. फ्युकोझँथिन, म्हणजे ज्या रंगद्रव्यामुळे हे शैवाल तपकिरी दिसते, ते प्रकाशात लवकर उडते. औषधी संशोधनासाठी नमुना हवा असेल तर सावलीत, वाऱ्यावर सुकवावा.

साठवण आत प्लास्टिक असलेल्या गोणीत, तोंड बांधून. उघडी गोणी कोकणच्या हवेत आठ दिवसांत मऊ पडते.

१४ जानेवारी २०२४

जननफांद्या आल्या. पानांच्या बेचक्यांत बारीक, गाठाळ, शेंगेसारखी टोके. आडवा छेद घेतला (दाढीच्या पात्याने, गाजराच्या तुकड्यात धरून) तर कडेला लहान कुप्या दिसतात. त्यांच्यातच अंडी आणि पुंबीजे तयार होतात.

थंड समुद्रातल्या फ्युकस या तपकिरी शैवालाच्या एका अंडकोशात (अंडी बनवणाऱ्या पेशीत) आठ अंडी तयार होतात. सरगॅसमच्या अंडकोशात केंद्रके आठ होतात, पण अंडे एकच, मोठे. ते कुपीतून बाहेर येते तरी लगेच सुटत नाही, चिकट श्लेष्माने फांदीलाच लटकून राहते. फलन तिथेच, पहिल्या पेशीविभागण्याही तिथेच. बारीक मुळकेस फुटायला लागले की गर्भ खाली पडतो. जड असल्याने तो फार दूर जात नाही, आईच्या आसपासच खडकावर बसतो. म्हणून या खडकावरचे पीक संपले तर दुसऱ्या खडकावरून बी येईल अशा भरवशावर राहता येत नाही. तुटून तरंगत आलेली एखादी फळलेली फांदी नेमकी इथे थांबली तरच.

अटलांटिकात मोकळ्या समुद्रावर तरंगणाऱ्या सरगॅसमच्या दोन जाती, नेटन्स आणि फ्लुइटन्स, यांची गोष्ट उलट आहे. त्यांना खडक लागत नाही, अंडी लागत नाहीत, तुकडे होऊनच त्या वाढतात. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढीग येऊन पडतात ते त्यांचे. तिथल्या बातम्या वाचून ‘हे तण आहे, हवे तेवढे काढा’ असे आपल्या खडकावरच्या जातींबद्दल म्हणणे चूक.

१७ जानेवारी २०२४

रोपे वाढवण्याची चाचणी. फळलेल्या १० फांद्या गाळलेल्या समुद्रपाण्यात, पसरट ट्रेमध्ये, खाली काचपट्ट्या. दुसऱ्या रात्री फांद्यांवर रव्यासारखे कण दिसले. तिसऱ्या दिवशी काचेवर पाव मिलिमीटरच्या आतबाहेर असलेले तपकिरी ठिपके, एका टोकाला मुळकेस.

पाणी एक दिवसाआड बदलायचे ठरले होते. एक ट्रे चार दिवस तसाच राहिला. त्यात डायटमचा (सूक्ष्म एकपेशीय शैवालांचा) सोनेरी साय-थर आला आणि रोपे त्याखाली दबली. तो ट्रे टाकून दिला. फांद्याही ४८ तासांनंतर काढून घ्याव्यात, नाहीतर त्या कुजतात आणि पाणी बिघडते.

२० जानेवारी २०२४

द्रवअर्क. साधी पद्धत: १ किलो ताजे, धुतलेले, दोन सेंमीचे तुकडे केलेले शैवाल, १ लिटर पाणी, स्टीलच्या टोपात झाकण ठेवून मंद आचेवर एक तास. ॲल्युमिनियमचा टोप नको, मिठाने चरे पडतात. थंड झाल्यावर दुहेरी मलमलीतून गाळून पिळणे. हा अर्क १०० टक्के धरायचा.

ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे अर्कात मीठ किती त्याचे माप) २६ डेसीसीमेन्स प्रति मीटर. हा आकडा आधी वाचावा आणि मगच फवारणीचा विचार करावा.

मुगावर चाचणी: २५ दाण्यांच्या तीन बशा, म्हणजे प्रत्येक प्रमाणाला ७५ दाणे, ७२ तास. नुसत्या पाण्यात ७१ रुजले, सरासरी मूळ ४.१ सेंमी. १ टक्का अर्कात ७२ आणि ४.९ सेंमी. ५ टक्क्यांत ७० आणि ४.४. १० टक्क्यांत ६६ आणि ३.०. ५० टक्क्यांत फक्त १२, तेही टोके तपकिरी झालेली.

१० टक्क्यांइतक्याच ईसीचे मिठाचे पाणी करून वेगळ्या तीन बशा लावल्या होत्या. मूळ ३.२ सेंमी. म्हणजे जास्त प्रमाणात वाढ खुंटते ती मिठामुळे. ‘थोड्याने चांगले झाले, जास्त घालू’ हा हिशेब इथे उलटा पडतो. बियाण्याला १ टक्का पुरे, आणि फवारणी करून पाहायचीच तर सुरुवात १ टक्क्यानेच.

हे नत्राचे खत नाही. नत्र यात अगदी कमी. पोटॅश आहे, सूक्ष्म अन्नद्रव्ये आहेत, मॅनिटॉल, बीटेन आणि वाढीला चालना देणारे घटक आहेत. शेणखत बंद करून हे वापरले तर पीक उपाशी राहील. बशीतला मूग म्हणजे शेत नव्हे, हेही नोंदवून ठेवतो.

टिकाऊपणा: बाहेर ठेवलेल्या बाटलीत पाचव्या दिवशी बुडबुडे, सातव्या दिवशी कुजक्या अंड्याचा वास. फ्रिजमधली तीन आठवडे ठीक. घरच्या शेतासाठी लागेल तेवढाच करावा. विकायचा असेल तर २०२१ पासून असे जैव-उत्तेजक खत नियंत्रण आदेशाखाली येतात, नोंदणीशिवाय विक्री नाही.

२८ जानेवारी २०२४

दुसरी कापणी, ठरलेल्या ६ चौकटींत १० सेंमीवर. दुसऱ्या ६ चौकटींतले उपटले. उपटताना जवळजवळ प्रत्येक चकतीबरोबर खडकाचा पापुद्रा आणि त्यावरची कालवांची पिल्ले आली.

बऱ्याच जननफांद्या रिकाम्या झालेल्या. गर्भ खाली पडून गेले आहेत, म्हणजे आता कापले तरी पुढची पिढी खडकावर आहे. डिसेंबरअखेर कापले तेव्हा ही संधी दिली नव्हती. पुढच्या वर्षी डिसेंबरची कापणी रद्द.

५ फेब्रुवारी २०२४

अल्जिनेट. कृती सविस्तर लिहितो, कारण पहिल्या दोन खेपा वाया गेल्या.

५० ग्रॅम सुके शैवाल, मिक्सरमध्ये जाडसर भरड. पीठ करू नये, गाळताना फडके बुजते.

आम्लधुणे: १ लिटर पाण्यात १७ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. दोन तास, अधूनमधून ढवळत. शैवालात अल्जिनेट मुख्यतः कॅल्शियमशी बांधलेले असते, तसे ते विरघळत नाही. आम्लाने कॅल्शियम सुटते. फेस आला तर शिंपल्याचे कण राहिलेत, आम्ल तिथेच खर्च होते, म्हणून आणखी थोडे घालावे. मग दोन पाण्यांनी धुणे.

सोड्यात काढणे: १ लिटर पाण्यात २० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट, ५५ ते ६० अंश, दोन तास. पहिली खेप इथे फसली. दुकानातल्या खडेवाल्या धुण्याच्या सोड्यात निम्म्याहून अधिक पाणीच असते. २० ग्रॅम निर्जलच्या जागी तो ५४ ग्रॅम लागतो. २० ग्रॅमच घातल्याने द्रावण आम्लधर्मीच राहिले, काही विरघळले नाही. खायचा सोडा तर चालतच नाही.

दुसरी खेप उकळली. टोप आचेवर होता, तापमान ९० च्या वर गेले. गरम अल्कलीत अल्जिनेटची लांब साखळी तुटते. वजन जवळपास तेवढेच निघाले, पण १ टक्का द्रावण १० मिली पिपेटमधून १३ सेकंदांत वाहिले. पाण्याला ८ सेकंद लागतात. तिसऱ्या, नीट झालेल्या खेपेला ४१. आता टोप गरम पाण्याच्या परातीत ठेवतो.

खळीसारखे झालेले मिश्रण तसेच गाळता येत नाही. तिप्पट पाणी घालून पातळ करून, रात्रभर ठेवून, वरचे मलमलीतून. पातळ करायला बोअरचे जड पाणी घातले तर त्यातल्या कॅल्शियमने गाठी होतात. पावसाचे साठवलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी घ्यावे.

शेवटी १० टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये बारीक धार. शेवयांसारखे धागे लगेच बनतात. धागे आम्लात तीनदा धुऊन, पिळून, सोडियम कार्बोनेट चिमटीचिमटीने मळत पीएच ७ पर्यंत. ५० अंशांवर सुकवून दळणे.

५० ग्रॅममागे: नोव्हेंबरचा कोवळा नमुना ७.६ ग्रॅम, जानेवारीअखेरचा १०.३ ग्रॅम. जानेवारीची वाट पाहण्याला हे दुसरे कारण.

१२ फेब्रुवारी २०२४

लोक येऊन विचारतात की हे थायरॉइडवर चालते का, पोटात घ्यायचे का. उत्तर एकदा नीट लिहून ठेवणे बरे.

तपकिरी शैवाल आणि गलगंड यांचे नाते जुने आहे. चिनी वैद्यकात सरगॅसमच्या दोन जाती ‘हाय झाओ’ नावाने गळ्याच्या गाठींवर दिल्या जातात, आणि ज्येष्ठमधाबरोबर ते देऊ नये असा तिथला जुना नियम आहे. युरोपात फ्युकस व्हेसिक्युलोसस त्याच कामाला. कारण पुढे कळले: १८११ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ कुर्त्वा यांना शैवालाच्या राखेत आयोडीन सापडले, आणि १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले.

आज ते कारण उरलेले नाही. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. आयोडीनयुक्त मिठात ग्राहकापर्यंत पोचताना किलोला निदान १५ मिलिग्रॅम असावे लागते, म्हणजे १० ग्रॅम मिठात १५० मायक्रोग्रॅम. शैवालाच्या चमचाभर पुडीत किती आयोडीन आहे हे जात, महिना आणि सुकवण यांवर बदलते, डोस ठरवता येत नाही. जास्त आयोडीनने थायरॉइड मंदावूही शकतो आणि भडकूही शकतो. गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर याला हातच लावू नये.

दुसरे आर्सेनिक. सरगॅसम फ्युसिफॉर्मे, जपानी लोकांचे हिजिकी, यात असेंद्रिय आर्सेनिक इतके असते की ब्रिटनच्या अन्न संस्थेने २००४ मध्ये ते खाऊ नका असा सल्ला दिला. शिवाय अल्जिनेट पाण्यातले जड धातू धरून ठेवते. बंदराजवळचा माल म्हणून नकोच. या प्रकल्पातला कुठलाही माल खाण्यासाठी दिला जाणार नाही.

औषधात खरा आणि तपासलेला उपयोग शुद्ध अल्जिनेटचा. जळजळीवरच्या औषधात ते जठरातल्या आम्लावर तरंगता थर धरते, ओल्या जखमेच्या पट्टीत स्राव शोषून जेल होते, दातांचे माप घेताना तोंडात भरतात ती लगदी तीच. आपल्या टोपातले अल्जिनेट मात्र त्या शुद्धतेचे नाही.

१३ मार्च २०२४

फांद्या गळू लागल्या. पुळणीवर वाहून आलेल्या मालाची ओळ. त्याचे अल्जिनेट ५० ग्रॅममागे ६.९ ग्रॅम, आणि पातळ. हा माल खतालाच योग्य. तमिळनाडू-केरळच्या किनाऱ्यावर माडाच्या आळ्यात घालतात तसे, पण धुऊन, पेंढा-पाचोळ्याबरोबर कुजवून आणि एक पावसाळा खाऊ देऊन.

१८ नोव्हेंबर २०२४

पावसाळ्यानंतरची मोजणी. १८ पैकी १४ चौकटींच्या खुणा टिकल्या. बाकीच्यांचे बिल्ले गेले, दोन रेतीखाली.

प्रत्येक चौकटीत नवे फुटवे, सरासरी: न कापलेल्या ५ चौकटींत २६, १० सेंमीवर कापलेल्या ५ चौकटींत २३, उपटलेल्या ४ चौकटींत ६. उपटलेल्या जागी पंख्यासारख्या पॅडिना शैवालाने आणि आखूड शेवाळाच्या गालिच्याने खडक व्यापला आहे. ते ६ फुटवेही कडेच्या बाजूलाच, जिथे शेजारच्या रोपांचे गर्भ पडले असणार.

पुढची कापणी १३ जानेवारी २०२५ च्या पौर्णिमेनंतरच्या उधाणात, त्याआधी ५० जननफांद्या भिंगाखाली तपासून, निम्म्याहून जास्त रिकाम्या असतील तरच. उपटलेल्या चौकटींना आणि त्यांच्याभोवती दोन मीटरपर्यंत हात लावायचा नाही. कातरी दोन नव्या घ्यायच्या, जुन्या गंजल्या.